घोडीनं तुडवलेली माती

माझ्या घराच्या भिंतींत घोडीची लीद आहे, हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही. पहिल्यांदा घरी आलेल्या बायका भिंतीवरून हात फिरवतात आणि "किती गुळगुळीत हो, चुन्याची का?" म्हणून विचारतात, तेव्हा मी मुद्दाम सांगते. चुन्याची नाही, मातीची, आणि मातीत लीद आहे, तीही रिसाल्यातल्या घोडीची. मग हळूच हात पदराला पुसले जातात. मी बघून न बघितल्यासारखं करते आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवते.

याची खरी लाज वाटते ती आमच्याच लोकांना. आमची घराणी घोड्यावरची. कधीकाळी कुणी पूर्वज उत्तरेकडून तलवार बांधून आले, म्हैसूरच्या राजांच्या चाकरीत राहिले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी आणि भांडण दोन्ही भाषांत, अशी आमची तऱ्हा. पुरुषांना साफ्याचा अभिमान, घोड्याचा अभिमान, आणि आपल्या घरच्या बाईचा पाय चिखलात पडत नाही याचाही अभिमान. या तिसऱ्या अभिमानाचं ओझं अर्थातच बाईनं वाहायचं. थोरल्या दिरासमोर तर आम्ही तोंड उघडत नसू. दीर दारात आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीला लागून उभं राहायचं. मी हातभर अंतरावर असले तरी ते सासूबाईंकडं बघून म्हणायचे, "आई, तिला सांग." लग्न होऊन आले तेव्हापासून मी थोरल्या दिरांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि सगळ्यांना ते अगदी योग्य वाटत होतं.

माझे यजमान रिसाल्यात शिलेदार होते. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असतो. यजमानांची एक तांबूस घोडी होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली, स्वभावानं माझ्यासारखीच हट्टी. शहरात विजेचे दिवे आले, लोक ते बघायला रस्त्यावर गर्दी करू लागले, त्याच सुमाराला प्लेगनं पुन्हा डोकं वर काढलं. यजमान त्यात गेले. लष्कर मोहल्ल्यातली आमची गल्ली इतकी दाटीची की एका घरात शिंकलं तर पलीकडच्या घरात 'शतायुषी' म्हणत. प्लेगनंतर सरकारनं ती सगळी रांग पाडायला काढली आणि घरं गेलेल्यांना शहराबाहेर, हुणसूरच्या रस्त्याला मोकळ्या जागा दिल्या. आमची जागा माझ्या नावावर लागली. अट एकच होती. नवरात्र बसायच्या आत घरावर छप्पर चढलेलं आणि आत चूल पेटलेली दिसली पाहिजे. नाहीतर जागा घरातल्या जवळच्या पुरुषाची. जवळचे पुरुष म्हणजे थोरले दीर.

दीर रिसाल्यात दफेदार होते, हाताखाली स्वारांची एक तुकडी. उंच, रुंद, साफा असा बांधायचे की त्याचा एक पदर इकडचा तिकडं व्हायचा नाही. माणूस वाईट नव्हता. गल्ली पाडणार हे कळल्याबरोबर ते आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आई, तिला सांग, जागेची काळजी नको. मी कौलारू घर बांधतो. मागं एक खोली तुम्हा दोघींना. स्वयंपाकाला घरचं माणूस असलेलं बरंच."

सासूबाईंनी मान डोलावली. मी पदराआडून ऐकत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. ती मागची खोली मला चांगली ठाऊक होती. आमच्या गल्लीत प्रत्येक तिसऱ्या घरात तशी एक खोली आणि तिच्यात माझ्यासारखी एक बाई होती. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं, आणि कुणी पाहुणा आला की आत सरकायचं. माझं वय तेव्हा काही खोलीत सरकून बसायचं नव्हतं. मला माझी चूल हवी होती, आणि त्या चुलीसमोर मला वाटेल तेव्हा पाय पसरून बसायचं होतं.

दीर गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, घर मी बांधणार."

त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बरं. आणि विमान कधी करतीस?"

घर पाडायच्या दिवशी दीर गाडी घेऊन आले आणि दर्शनी दाराची कोरीव चौकट, कौलं, तुळया, सगळं घराण्याचं म्हणून घेऊन गेले. सासूबाई आणि मी बघत राहिलो. राहिला तो दगडमातीचा ढीग आणि परसदाराची चौकट. परसदार म्हणजे आम्हा बायकांचं दार. विहिरीवर जायला, भांडी घासायला, सरपण आणायला. घरातल्या पुरुषांनी त्या दारातून कधी पाऊल टाकलं नसेल. चौकट बुटकी, धुरानं काळी झालेली, तिच्यावर ना वेलबुट्टी ना गणपती. गाडीवान तिच्याकडं बघून "बेड, बेड" म्हणाला, म्हणजे नको हे, आणि ती तशीच टाकून गेला. मी ती उचलून आणली. ढिगातले दगडही आणले, एकेक करून, डोक्यावरून, भर दुपारी, मोहल्ल्यातले लोक दारात उभे राहून बघत असताना. तोपर्यंत माझा चेहरा कुणी नीट पाहिला नव्हता. त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिला.

नवीन जागेवर आम्ही तट्ट्याचं खोपट बांधून राहिलो, सासूबाई, मी आणि घोडी. मला बांधकाम कुठून येत होतं, असं लोक विचारतात. माझं माहेर हेग्गडदेवनकोट्याचं, आम्ही नुसतं कोटे म्हणायचो. वडील तिथं शाळा चालवायचे. जंगलाच्या कडेचा गाव तो. तिथं घर बांधणं म्हणजे पापड लाटण्यासारखं, शेजारपाजारच्या सगळ्या बाया मिळून करायच्या, आणि मी लहानपणी त्या चिखलात मनसोक्त लोळलेली होते. माती मुठीत घेऊन गोळा करायचा आणि कंबरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायचा. फुटून भुगा झाला तर वाळू जास्त, पसरून भाकरी झाली तर पाणी जास्त. थोडी माती दाताखाली धरून बघायची, कच किती लागते ते. आमच्या जागेतली माती लाल आणि भरभरीत होती. तिला चिकटपणा हवा म्हणून मी जवळच्या केऱ्यातला, म्हणजे तलावातला, काळा गाळ पाट्या भरभरून आणला. उन्हाळ्यानं केरे आटलं होतं आणि तळाची माती ढेकळांनी निघत होती. तिला माशांचा वास यायचा. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "हे घर बांधतीस की मासे वाळवतीस?"

कळकाचे बांबू आणि छपराचं गवत वडिलांनी कोट्याहून पाठवलं, जंगलखात्याची परवानगी काढून. कळक कृष्णपक्षात तोडलेले होते. चांदणं चढतं असताना तोडलेल्या कळकात रस असतो आणि त्याला भुंगा लागतो, हे आमच्याकडं पोरंसोरंही जाणतात. तरी मी ते केऱ्यात जिथं थोडं पाणी उरलं होतं तिथं दगडांखाली बुडवून ठेवले. कुजलेल्या कळकाची घाण वाऱ्यावरून पार रस्त्यापर्यंत यायची. येणारे जाणारे नाक दाबून पुढं व्हायचे आणि मला शिव्या घालायचे. घालोत बापडे. त्या घाणीनंच माझं छप्पर आजवर पोखरू दिलेलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. अडलं ते माती तुडवायला. मातीच्या भिंतीचं सगळं मर्म तुडवण्यात असतं. खड्ड्यात माती, गाळ, रागीचं काड आणि पाणी घालायचं, पायांनी मळायचं, मुरू द्यायचं, परत मळायचं. चांगली मुरलेली माती आंबूस वास सोडते आणि पायाला लोण्यासारखी लागते. या कामाला मी चार माणसं बोलावली होती. ती आलीच नाहीत. दिरांनी त्यांना आपल्या गोठ्याच्या कामाला लावलं होतं. मग त्यांच्याऐवजी दुसरी ठरवली, तीही नाहीत. दीर भेटायला आले तेव्हा अगदी मायेनं म्हणाले, "आई, तिला सांग, माणसं मिळत नाहीत हल्ली. हट्ट सोड म्हणावं."

मी सोडला नाही. साडी खोचली आणि खड्ड्यात उतरले. दिवसभर तुडवून तुडवून जेवढी माती तयार झाली तेवढ्यात फार तर एक कोनाडा झाला असता. सासूबाई खोपटाच्या दारात बसून होत्या. आमच्या घरच्या बाईचा पाय चिखलात बघून त्यांचा जीव तुटत होता, पण माझ्याशी वाद घालून उपयोग नाही हेही त्यांना कळलं होतं. रात्री पायांना एरंडेल चोळताना त्या फक्त म्हणाल्या, "साकु ग पोरी. पुरे झालं." मला रडू आलं. थकव्यानं आलं, रागानं आलं, आणि ज्यानं हे सगळं करायचं तो माणूस नाही म्हणूनही आलं.

सकाळी मी घोडीला पाणी पाजायला गेले. ती खुंट्याला बांधलेली, उभ्या जागी माती तुडवत होती. यजमान गेल्यापासून तिला फेरी नव्हती. खायचं आणि पाय आपटायचे, एवढंच काम. तिच्या खुरांखालची जमीन चिखल होऊन मऊ लागत होती, लीद आणि मूत मिसळून छान मळली गेली होती. मी ती माती हातात घेतली, गोळा केला, कंबरेवरून टाकला. तो ना फुटला ना पसरला.

मी तिला सोडली आणि खड्ड्याकडं नेली.

दसऱ्याच्या स्वारीत चालणारी घोडी ती. खंडेनवमीला तिला न्हाऊ घालून, झूल पांघरून, तिच्या चारही खुरांवर कुंकू लावून, सासरे होते तोवर, सासूबाई तिला ओवाळायच्या. अशा घोडीला बैलासारखं चिखलात गोल फिरवणं आमच्यात कुणी स्वप्नातही केलं नसतं. सासूबाईंनी बघितलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "तिला बैल करतीस?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी थापायच्या, माझ्या पुढ्यात सरकवायच्या आणि पाठ फिरवायच्या. मला वाईट वाटत होतं. पण माती तयार होत होती, ढिगानं होत होती, आणि मी थांबले नाही. घोडीलाही गंमत वाटत असावी. पहिल्या दिवशी तिनं कान मागं टाकले, दुसऱ्या दिवसापासून मी सोडली की ती आपणच खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहायची. लीद तिथंच टाकायची, तीही मातीत मिसळायची. लिदीतले बारीक धागे भिंतीला भेग पडू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. रिसाल्याचे तबेले आमच्या जागेपासून लांब नव्हते. संध्याकाळी दाण्याच्या वेळेचं बिगुल वारा असला की आमच्यापर्यंत ऐकू यायचं. तोवर घोडी त्या वेळी खुंट्याला बांधलेली असायची. एक दिवस काम लांबलं. दोर माझ्या हातात सैल, घोडी पोटापर्यंत चिखलात, आणि बिगुल वाजलं.

तिनं मान वर केली. मला कळायच्या आत ती खड्ड्याबाहेर होती, दोर तिच्या मागं फरफटत होता आणि ती हुणसूरच्या रस्त्यानं सरळ तबेल्याकडं निघाली होती. मी अनवाणी, गुडघ्यापर्यंत लाल, तिच्यामागं धावले. सापडते कसली. पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. तबेल्यासमोर खरारा केलेले घोडे ओळीनं उभे होते, स्वार आपापल्या घोड्यापाशी होते, आणि थोरले दीर ओळ तपासत होते. घोडी आत शिरली, ओळीत यजमानांची जी जागा होती ती शोधून काढली आणि तिथं मान ताठ करून उभी राहिली. पोट, पाय, शेपटी, सगळीकडून चिखल ठिबकत होता, आणि मानेवर माझ्या हातांचे लाल पंजे उमटले होते. ओळीतले स्वार आधी हसू दाबत होते. मग कुणाला ते दाबता आलं नाही.

दीर तिला घेऊन स्वतः आले. त्यांना येताना बघून मी पदर ओढला आणि खोपटाच्या कडेला उभी राहिले. सवय होती.

"आई, तिला सांग," ते म्हणाले, "आजपासून घोडी माझ्याकडं राहील. रिसाल्यातल्या घोडीचा तमाशा केला. अख्खा तबेला हसला मला. धाकट्याची अब्रू मातीत घातली हिनं. आणि हे मातीचं खूळ आता बास. उद्यापासून तुम्ही दोघी माझ्या घरी."

मी पदराआड दात ओठ खात होते. घोडी गेली की भिंत गेली, भिंत गेली की जागा गेली. आणि बोलायला मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं त्या माझ्याशी इतक्या दिवसांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी मुलाच्या हातातून दोर घेतला. आधी घोडीच्या मानेवरचे माझे पंजे बघितले, मग मुलाकडं बघितलं.

"तुझ्या ओळीत ती कुणाच्या जागेवर उभी राहिली?"

दिरांनी साफा चाचपला.

"माझ्या धाकट्याच्या. तिला अजून त्याची जागा ठाऊक आहे. तू त्याची जागाच काढून घ्यायला निघालास." मग त्यांनी नऊवारीचा ओचा वर खोचला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या पोटऱ्या बघितल्या, गोऱ्यापान, कधी ऊन न लागलेल्या. घोडीचा दोर धरून त्या खड्ड्यात उतरल्या. पाय घसरला, सावरल्या. "हसतात ना? उद्या मलाही बघून हसू देत. जा तू आता. दाण्याची वेळ टळली तिची."

दीर निघून गेले. सासूबाई चिखलात तशाच उभ्या. मला म्हणाल्या, "बघतीस काय? थंड आहे की ग हे."

त्या दिवसापासून आम्ही तिघी कामाला लागलो. माती घोडी तुडवायची, गोळे सासूबाई करायच्या, भिंत मी रचायची. एक थर वाळल्याशिवाय त्यावर दुसरा चढवता येत नाही. घाई केली की खालचा थर पोट सोडतो. एकदा केली, आणि पश्चिमेची भिंत गरोदर बाईसारखी पुढं आली. सासूबाईंनी खुरपं घेतलं, न बोलता ती सगळी तासून काढली आणि परत मळायला टाकली. पावसाची झड आली की आम्ही भिंतीच्या माथ्यावर नारळाच्या झावळ्या पांघरायचो आणि खोपटात बसून बघायचो. पाऊस त्या वर्षी जरा दयेनंच वागला.

छपराला लाकूड असतं तर पुरुषांचे खांदे लागले असते. कळक आम्हा दोघींना पेलला. काथ्याच्या दोरीनं बांधत गेलो, त्यावर गवताच्या पेंढ्या खालून वर. गवत पुढं थोडं जास्त ओथंबलं. आणि दाराला, अर्थातच, परसदाराची चौकट. चौकट बसवताना तिची पूजा सवाष्णीनं करायची असते. आमच्या लोकांतली एकही आली नाही. दिरांनी मनाई केली असं मी म्हणणार नाही, त्यांना तशी गरजच पडली नाही. सासूबाईंनी वाट बघितली, मग स्वतःच हळदकुंकू घेऊन चौकटीला बोटं ओढली. दोन विधवांच्या हाताची चौकट आहे ती. अजून एकही वाळवी तिच्याजवळ फिरकलेली नाही.

घर उभं झालं तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. या दिवसांत आपल्याकडं कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. नवरात्र तोंडावर, आणि चूल पेटलेली दिसली पाहिजे. मी सासूबाईंकडं बघितलं. सवाष्णीशिवाय चौकट चालली, चिखल चालला, पण हे त्या मानतील असं मला वाटत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "माझा पोरगा आता पितरांतच आहे की. त्याला नको कळायला, आपण कुठं राहतो ते?"

यजमानांच्या तिथीला आम्ही चूल पेटवली. त्यांच्या आवडीचे वडे केले, खीर केली, आणि पहिलं पान परसात कावळ्याला ठेवलं. कावळा लगेच आला. सासूबाई हसल्या आणि मग पदरात तोंड घालून खूप रडल्या. मी त्यांना रडू दिलं. नंतर आम्ही दोघी चुलीसमोर पाय पसरून जेवलो.

सर्वपित्री अमावास्येच्या आधी शेकदार आला. त्या भागातल्या जागा बघून सरकारात कळवायचं काम त्याचं. कानडी माणूस, घाईत असलेला, काखेत छत्री. त्याच्याबरोबर थोरले दीर होते, साफा बांधून, पूर्ण पोशाखात. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले, सासूबाई माझ्या बाजूला.

दिरांनी कानडीत सांगायला सुरुवात केली. हे घर नव्हे, तबेला आहे, भिंतींना लीद आहे, हात लावून बघा. चूल पितृपंधरवड्यात पेटवली आहे, कोण खरं राहणारं माणूस असं करतं? नुसता देखावा. मी थोरला, मी इथं पक्कं घर बांधीन. सगळं शांतपणे, समजुतीनं. शेकदारानं ऐकून घेतलं, छत्री भिंतीला टेकवली, कमरेत वाकला आणि आत गेला. चुलीवर भात शिजत होता. त्यानं वर बघितलं, भिंतीवर बुक्की मारून बघितली आणि वाकून बाहेर आला.

"मने यारदु?" त्यानं विचारलं. घर कुणाचं?

"त्यांच्या नावावर आहे, पण सांगतो मी," दीर म्हणाले.

"तुमचं ऐकलं. नाव ज्यांचं आहे त्यांनी सांगायला पाहिजे. राहणार आहेत की सोडणार आहेत."

दिरांनी हलकं हसून सांगितलं, "आमच्यात बायका थोरल्यांपुढं बोलत नाहीत."

शेकदार खांदे उडवून छत्रीकडं वळला. सासूबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या, त्यानं हात केला. तुम्ही नाही आजी, त्यांनी. मला दिसत होतं, मी गप्प राहिले की संपलं. एवढी माती तुडवून, एवढे दगड वाहून शेवटी जागा जायची ती माझ्या पदरामुळं जायची. हात आपणहून वर गेला आणि पदर डोक्यावर मागं सारला. समोर थोरले दीर होते. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून असा कधी पाहिलाच नव्हता. यजमानांसारखंच नाक होतं.

"मने नंदु," मी म्हटलं. घर माझं आहे. "मी राहणार आहे."

"आयतु," शेकदार म्हणाला, म्हणजे झालं तर, आणि छत्री काखेत मारून पुढच्या जागेकडं चालायला लागला.

दीर तिथंच उभे. सासूबाई खाली बघत होत्या. परत फिरून निघून जावं तर आईच्या दारातून पाणी न पिता गेल्यासारखं झालं असतं, आणि आत यावं तर ते दार. आता बोलायला सुरुवात झालीच होती, मग मीच म्हटलं, "आत या, भावजी. वाकून या. परसदाराची चौकट आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं. ती त्यांनीच टाकून दिलेली होती. मग एवढा उंच माणूस गुडघ्यात आणि मानेत वाकला. साफा ओथंबलेल्या गवतात घासला, दोनचार काड्या त्यात अडकल्या, आणि ते आत आले. मला आनंद झाला. आज इतक्या वर्षांनीही आठवलं की होतो.

सासूबाईंनी गुळाचा खडा दिला, मी तांब्या दिला. ते सगळं पाणी प्यायले. पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामा तांब्या आईकडं न देता माझ्यापुढं धरला. भिंतीकडं बघत, जरा घसा साफ करून विचारलं, "पश्चिमेची अजून ओली दिसते?"

आई, तिला सांग, असं नव्हतं ते. मला विचारलं होतं.

"दिवाळीपर्यंत वाळेल," मी म्हटलं, आणि तांब्या घेतला. पदर मागं होता, तो मी तसाच राहू दिला.